आकाशगंगेचा मध्य आणि तिसरा मजला

आधी हातातला चहा संपवा. मध्येच हसलात तर नाकातून येईल आणि बोल मला लागेल. कारण माझी फजिती साधीसुधी नाही. ती आकाशगंगेच्या मध्यापासून सुरू झाली आणि विरारच्या फुलपाड्यात, आमच्या दारातल्या चपलांच्या कपाटापाशी संपली!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. रिटायर झालो तशी सोसायटीने सेक्रेटरी केलं. म्हणजे न ऐकणारी पोरं गेली आणि न ऐकणारी मोठी माणसं आली.

तर मे महिन्याच्या अखेरीला आमच्या जिन्यात सुक्या मासळीचा वास सुटला. आता विरारमध्ये मासळीच्या वासाला कोण घाबरतो? पण हा जरा जास्तच होता. लिफ्टचं बटण दाबलं तरी बोटाला वास! चेअरमन सावंतांनी तक्रार केली आणि संशय गेला रोजीमावशींवर.

मावशी मूळच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. मुलाने आमच्या तळमजल्यावर फ्लॅट घेतला म्हणून इथे आल्या, पण सुक्या मासळीचा धंदा काही सोडला नाही. पावसाळ्याआधी लोक आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांची बेगमी करतात, तेव्हा त्यांच्या टोपल्या जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत असतात. सावंत म्हणाले, टोपल्या हलवा. मावशी म्हणाल्या, ऐन आगोटीला हलवल्या तर वर्षाचा धंदा बसला.

मी म्हटलं, भांडू नका, हे आपण शास्त्रीय पद्धतीने सोडवू. इथेच माझे ग्रह फिरले.

त्या दिवसांत मला एका वादाने झपाटलं होतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून गॅमा किरण येतात, पण यायला हवेत त्यापेक्षा जास्त येतात. माहीत असलेले सगळे उगम वजा करा, तरी काहीतरी उरतंच. ते कुठून येतं? एक पक्ष म्हणतो, डार्क मॅटर. न दिसणारं द्रव्य, त्याचे कण एकमेकांवर आदळून नाहीसे होतात आणि किरण सुटतात. दुसरा पक्ष म्हणतो, छे हो, तिथे मेलेल्या ताऱ्यांचे ढीगभर गाभे गरगर फिरताहेत. एकेकटा दिसत नाही, पण सगळ्यांचा मिळून उजेड पडतो. वाद अजून मिटलेला नाही. मी मात्र पक्का डार्क मॅटरवाला! आमच्या मंगलने भाजी निवडता निवडता विचारलं होतं, की घरोघरचा थोडा थोडा कचरा मिळून उकिरडा होतो, त्याला अदृश्य राक्षस कशाला लागतो? बायकोचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. तेवढंच मला नीट जमतं.

तर प्रयोग असा. दोन दिवस मावशींनी टोपल्या पाचूबंदरला बहिणीकडे ठेवायच्या. त्या बिचाऱ्या तयार झाल्या. टोपल्या गेल्या आणि वास तसाच राहिला. शहाण्या माणसाने इथेच हात जोडले असते की नाही? मी बिल्डिंगचा नकाशा काढला आणि मजल्यामजल्यावर नाक फिरवून दहापैकी मार्क देत सुटलो. सर्वात जास्त मार्क कुणाला? तिसऱ्या मजल्याला. त्यातही आमच्या दारासमोर!

मला शंका आली? नाव नका काढू. मी सिद्धान्त मांडला की वास मीटरच्या खोलीच्या भिंतीत मुरलाय, गरम हवेबरोबर वर चढतो आणि तिसऱ्या मजल्यावर साठतो. मग चौथ्यावर कमी कसा, हे कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. मी पुठ्ठ्यावरचा नकाशा दाखवून निकाल दिला. सावंत टोपल्या कायमच्या हलवायचा ठराव मांडणार, तेवढ्यात मावशी उठल्या.

"सर, तुमी सगल्या मजल्यांवर नाक फिरवलं. पन घराघरात काय हाय ते वजा केलं काय?"

मग त्यांनी बोटांवर यादीच सुरू केली, कारण अख्ख्या बिल्डिंगची आगोट त्याच भरतात. पहिल्या मजल्यावर पाटलांकडे सुकट. दुसऱ्यावर खुद्द सावंतांकडे सुकवलेल्या कोळंबीचे सोडे, गणपतीपर्यंत पुरतील इतके. चौथ्यावर सुक्या वाकट्या. एकेक डबा घट्ट, वास नावापुरता, पण सगळ्यांचा मिळून जिना भरलेला. सावंत बुटांकडे बघायला लागले.

"आणि तिसरा मजला?" कुणीतरी विचारलं.

"तिसऱ्याचं मी नाय सांगनार. शब्द दिलाय."

आता तिसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट. एक वर्षभर कुलूपबंद. दुसरा आमचा.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी माझं खारं-सुकं बंद केलं होतं आणि मंगलचा पहारा कडक. म्हणून मी मावशींकडून गुपचूप बोंबील घेतले आणि चपलांच्या कपाटावरच्या दुर्बिणीच्या पेटीत दडवले. तीन पिशव्या, तीन गाठी. त्यामुळे हिशेबात त्यांचा वास मी शून्य धरला होता!

खरं सांगतो, तेव्हा फार लाज वाटली. जी बाई भर सभेत माझं गुपित राखत होती, तिचीच जागा मी काढून घ्यायला निघालो होतो.

मंगल तडक वर गेली, वासाच्या मागावर थेट पेटी हुडकून खाली घेऊन आली आणि सगळ्यांसमोर उघडली.

"घ्या," ती म्हणाली, "सापडलं तुमचं डार्क मॅटर."

पहिला ठराव एकमताने पास होऊन मावशींच्या टोपल्या सन्मानाने मीटरच्या खोलीत परत आल्या. दुसरा ठराव मंगलने मांडला आणि तोही एकमताने पास झाला: सरांची दुर्बीण वास जाईपर्यंत त्याच टोपल्यांशेजारी ठेवावी.

दोन्ही ठराव सोसायटीच्या वहीत सुवाच्य अक्षरात आहेत. लिहिले कोणी? सेक्रेटरी मीच ना!