तीन बोटांची मूठ

मूठमावशीकडे सुरी मागायला कुणी गेलं की ती आधी त्याचा हात मागायची. ओल्या शाडूचा गोळा तळव्यावर ठेवायची आणि दरडावायची, "आवळ! भाकरीचं पीठ नाय ते, हळूहळू काय चेपतोस? शत्रूचा गळा धरल्यासारखं आवळ." मग बोटांचे खड्डे उमटलेला तो गोळा ओटीवरच्या फळीवर सुकत पडायचा आणि त्या खड्ड्यांवर बेतून ती लाकडाची मूठ घडवायची. अष्टमी गावातल्या आमच्या आळीचे निम्मेअधिक हात त्या फळीवर मांडलेले होते. आपली सुरी सोडून दुसऱ्याची घेतली की बोटं अवघडायची. "उष्टी लागते," असं आळीतल्या बायका म्हणत.

तिचं माहेर पेणचं. वडील गणपतीच्या कारखान्यात हातकाम करायचे. सोंडेची वळणं कोरायला लागणाऱ्या बारीक सुऱ्या ते घरीच बनवत, करवतीच्या मोडक्या पात्यांपासून. शाडू आणि पातं, दोन्ही तिच्या हातात तिथूनच आलं. लग्न होऊन ती अष्टमीला आली आणि कोरणीच्या जागी भाजीच्या, मासळीच्या सुऱ्या करू लागली.

पात्याच्या बाबतीत तिला फसवणं अशक्य होतं. बाजारातलं चकचकीत पातं पुढे केलं तर म्हणायची, "नवरदेवासारखं दिसतंय. चार दिवसांनी कांदा पण कापायचं नाय." तिला हवं असायचं कंपनीत लोखंड कापणाऱ्या मोठ्या करवतीचं जुनं पातं. टिचकी मारून कानाशी न्यायची. आवाज खणखणीत आला तर ठेवायची, बद्द आला तर भंगारात. मुठीला साग, कारण ओल्या हातात तो फुगत नाही. कोयत्यासाठी खैर. निडी गावाकडच्या भातवाल्या बायका तिच्याकडून खैराच्याच मुठी नेत. खाडीकडच्या मिठागरवाल्यांना मात्र मूठ जोडायला पितळी रिपीट, म्हणजे खिळे, मारून द्यायची. लोखंडी रिपीट मीठ खाऊन टाकतं.

सगळ्यात मोठा सोहळा घासण्याचा. दगडावर पातं दोनदा टेकवलं की लगेच पाण्यात. पुन्हा दोनदा, पुन्हा पाण्यात. मी कंटाळून म्हटलं, "मावशी, एकदाच जोर लावून घासा ना." तर म्हणाली, "तापून निळं झालं की पातं मेलं. तुझ्यासारखं. तू रोज तापतेस गो, म्हणून तुझी धार टिकत नाय."

मी तेव्हा कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहीत होते. आजही लिहिते. ती मला नावानं हाक मारत नसे. "ए पत्रकवाली, काय छापलंस आज? कालच्या पत्रकात मला भजी बांधून मिळाली. अक्षर बरं होतं."

तिची चेष्टा मी ऐकून घ्यायचे, कारण माझी सगळी पत्रकं मुळात तिच्या नवऱ्यासाठी सुरू झाली होती.

तिला पाती पुरवायचा तो तिचा नवरा. कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. मशीनवर त्याची उजवी करंगळी आधीच गेली होती. एके दिवशी शिफ्टला गेला तो परत आलाच नाही. मशीनखाली सापडला. आणि ठेकेदार, आमच्याच आळीतला, त्याला 'दादा' म्हणणारा, त्याच्या ताटात जेवलेला माणूस, भरपाई टाळायला चौकशीत सरळ म्हणाला, "तो त्या दिवशी शिफ्टला नव्हताच. दारू पिऊन आत घुसला असेल." ज्या माणसानं आयुष्यात ताडीसुद्धा चाखली नाही, त्याच्याबद्दल!

घरी काय आलं? डब्याची पिशवी. सोबतच्या कामगारानं आणून दिली. तिच्यात धुतलेला डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं करवतीचं एक मोडकं पातं. बायकोसाठी त्यानं त्या दिवशीच बाजूला काढलेलं. मावशी ते पातं घेऊन प्रत्येक ऑफिसात गेली. "शिफ्टला नव्हता तर हे कुठनं आणलं त्यानं?" एकाही साहेबानं ते हातात धरलं नाही. मग तिनं ते चुलीवरच्या खिळ्याला अडकवलं. कुणी मागितलं तर म्हणायची, "ते दिलेलं हाय. माणूस यायचाय न्यायला."

हे लिहिताना मी हळवी होणार नाही. तीही झाली नव्हती. तिनं ठेकेदाराच्या भावाला सुरी करून दिली, त्याच्या चुलतीला दिली, त्याच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला तर खास सागाची दिली. फक्त त्याच्या घरात तिची सुरी नव्हती. त्याची बायको दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मावशीनं तिला चहा पाजला आणि सांगितलं, "माती संपली गो."

मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे आचारी बाहेरचा असला तरी भाजी चिरायला आळीतल्या बायका जातात, आपापली सुरी, आपापली विळी घेऊन. मी लग्नात पत्रकं वाटायचं म्हणत होते, घोषणा लिहून तयार होत्या. मावशी म्हणाली, "गप ऱ्हा. पोरीचं लग्न हाय, तिनं काय घोडं मारलंय? मला फक्त आळीभर सांग, मूठमावशी सगळ्यांना फुकट धार लावून देते. आजच आणून टाका म्हणावं."

कशासाठी, ते आळीत कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, ठेकेदाराच्या मांडवात भोपळ्यांची, वांग्यांची रास, आणि भोवती पन्नासेक बायका हात मांडीवर ठेवून बसलेल्या. आचारी ओरडतोय, "अगं बायांनो, चिरा ना!" एकजण शांतपणे म्हणाली, "सुऱ्या मूठमावशीकडं धारेला हायत." आचाऱ्याची एक सुरी होती, ती भोपळ्यात अडकली. बायका पदराआड हसत होत्या.

शेवटी ठेकेदार आला. स्वतः. आणि त्याच्यामागे सगळा मांडव. मावशी ओटीवर बसून एक विळी घासत होती.

"वैनी, हे काय चाललंय? वऱ्हाड यायचं हाय."

"धार लागतेय, भावजी. घाई केली की पातं मरतं."

"लग्न होऊन जाऊ दे, मग बसू आपण."

"बसायचं नाय मला. एक वाक्य बोला आणि सुऱ्या न्या. दादा त्या दिवशी शिफ्टला होता."

तो आधी हसला, मग लाल झाला, मग त्यानं मागे वळून आळीकडे बघितलं. कुणी खाली बघितलं नाही. "होता," तो पुटपुटला.

"भाजीवाल्या बायकांना ऐकू नाय गेलं."

"होता! शिफ्टला होता दादा! झालं?"

"व्हय. झालं." तिनं ओटीवरच्या सुऱ्यांनी भरलेल्या पोत्यांकडे बोट दाखवलं. "न्या गो सुऱ्या. आणि भोपळा बारीक चिरा, पोरीच्या लग्नात नाव नको ठेवायला कुणी."

तो आता म्हणतो, बायकांनी घेरलं म्हणून बोललो. म्हण बाबा. ज्यांनी ऐकलं त्या सगळ्या साक्षीला उभ्या आहेत आणि ठेकेदारावरची केस चालू आहे.

मावशीचं मात्र अजून संपलं नव्हतं. मांडव उतरल्यावर तिनं चुलीवरचं पातं काढलं. मी घाबरले. "मावशी, पुरावा आहे तो!"

"साहेबांना दाखवून झाला. आता ज्याला ठाऊक हाय त्यालाच दाखवते."

फळीवरून तिनं नवऱ्याच्या मुठीचा गोळा उतरवला. तिनं घेतलेली सगळ्यात पहिली मूठ. तीन बोटांचे खड्डे, करंगळीच्या जागी नुसती सपाट माती. त्यावर बेतून तिनं खैराची मूठ केली, आठवडाभर घासली, आणि सुरी ठेकेदाराच्या घरी पोचवली. आहेर म्हणून. मूठ बघताच ती कुणाची हे आळीतलं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. मातीचा गोळा तिनं त्याच संध्याकाळी कुंडलिका नदीत सोडला.

गेल्या थंडीत तापाचं निमित्त होऊन मूठमावशी गेली. तिची फळी माझ्याकडे आहे, दगडही. पत्रकांच्या गठ्ठ्यांची दोरी मी तिनं दिलेल्या सुरीनं कापते, आणि लिहिताना दर दोन ओळींनी थांबते. धार पूर्वीपेक्षा बरी आहे, असं लोक म्हणतात.

परवा ठेकेदाराची बायको माझ्या दारात आली. पदराखालून तिनं ती सुरी काढली. "ही तू ठेव गो. कुणाच्याच हातात बसत नाय. टाकायला गेले तर हे टाकू देत नायत, घरात ठेवली तर हे जेवत नायत. काय करू?"

मी तिला चहा दिला. सुरीला दगडावर दोन हात दिले, पाण्यात बुडवली, पुसली, आणि परत तिच्याच हातात ठेवली.

"चांगलं पातं आहे, वैनी. जपून ठेवा. पुढे धार गेली की आणा, मी लावून देईन."