उघाडीचं दार मीच अरुंद केलं

गाव सोडलं त्या दिवशी दादा माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन खाडीच्या बांधावरून पुढे चालत होता. आई उघाडीपर्यंत आली. "आमाला तिकरं बोलवू नको, तूच येत जा," एवढंच म्हणाली.

शहरात जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीच्या रेट्यानं ते मिटतं, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्यातून खाडीत जातं. ते राखायचं काम दादाकडे होतं, आणि तिथं जाळं लावून मासे धरायचा मानही त्याचाच.

मी वाशीत भाड्याच्या खोलीत राहून एका कारखान्यात ड्रॉइंग काढायला लागलो. काही वर्षांनी उघाडीचं लाकडी दार कुजलं, तेव्हा गावकीनं मला बोलावलं. "आपला ड्राफ्ट्समन हाय ना, बाहेरचा मानूस कशाला?" केवढी छाती फुगली होती! कळंबोलीच्या लोखंड बाजारात चांगली जाड प्लेट मिळाली, पण ती जुन्या दारापेक्षा बरीच अरुंद होती. जोड देण्याचा त्रास नको म्हणून मी प्लेटच्या मापानं दार आखलं आणि उघाडीचं तोंड दोन्ही बाजूंनी बांधून लहान केलं. पाणी किती जाईल याचा हिशेब केला नाही. खरं सांगायचं तर तो मला येतच नव्हता.

त्या पावसाळ्यात शेतात पाणी तुंबलं, ओहोटीतही उतरेना. बांध आतून फुटला आणि पुढच्या भरतीला खारं पाणी भातात शिरलं. गाव म्हणालं, दादानं माशांच्या लोभानं जाळं काढलं नाही, म्हणून पाणी अडलं. "मासं खाल्लंस ना, आता खारं पानी पी!" असं त्याला भर बैठकीत ऐकवलं. मी शेजारीच बसलो होतो. मला शंका आली होती, पण मी बोललो नाही. दादाकडून उघाडी काढून घेतली. त्यानं गावकीत येणं सोडलं आणि मी गावाला जाणं.

आता मी शहात्तर वर्षांचा आहे. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये एसी, लिफ्ट, सोसायटीचे मेसेज, सगळं आहे. माझी नात सई मशीन डिझाइनचं काम करते. तिच्या लॅपटॉपवर पाण्याचा प्रवाह तपासता येतो हे कळल्यावर मी तिला म्हटलं, मला शिकव, टाइमपास होईल. खोटं बोललो.

मी स्क्रीनवर उघाडीचं चित्र काढलं. सॉफ्टवेअर ते घेईना. सई हसली. "आजोबा, दोन्ही तोंडांना झाकणं लावा आधी. सगळं उघडं ठेवलंत तर पाण्याची हद्द कुठवर ते त्याला कसं कळणार?" मग आत येणारं पाणी कुठून, बाहेर कुठं, दोन्हीकडची पातळी किती, हे एकेक भरायला लावलं. मी प्रत्येक आकडा दोनदा तपासत होतो. "टेन्शन काय घेताय? परीक्षा आहे का?"

परीक्षाच होती. मी आधी माझ्या अरुंद दारात जाळ्याचा अडथळा घातला. पाणी फार कमी निघालं आणि, लाज वाटते सांगायला, मला हायसं वाटलं. मग जाळं काढून पुन्हा चालवलं. फरक किरकोळ. शेवटी जुन्या दाराची रुंदी भरली, जाळं तसंच ठेवून. पाणी दुपटीहून जास्त निघालं. सईला वाटलं माझं काही चुकलं, म्हणून तिनं स्वतः पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच.

दादाला फोन केला. तो नव्वदीकडे झुकलाय. म्हटलं, "दादा, पाणी जाळ्यानं नव्हतं अडलं. माझ्या दारानं अडलं."

तो म्हणाला, "मना कशाला सांगतस? मी जालं उचललं व्हतं, मना म्हायती हाय. गावकीत येऊन सांग."

म्हणजे जाळं तिथं नव्हतंच. आणि मी त्याला कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हणून हे लिहितोय, गावातल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना. येत्या रविवारी मी येतोय. तुम्ही काय म्हणाल, काय कराल, ठाऊक नाही. इतकी वर्षं मी ऐरोलीला घर म्हणत आलो, कारण इथं मला कुणी काही विचारत नाही. जिथं उत्तर द्यावं लागतं तेच घर, हे आता कळतंय. मला उंबऱ्याच्या आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आधी कुणीतरी दादाच्या दारात जा, त्याला हाताला धरून बैठकीत आणा आणि पुढे बसवा. तो बसल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.