मागच्या पडवीतली चूल

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल काही लिहावं म्हणून बसते, आणि प्रत्येक वेळी आधी पुढे येते ती आमच्या मागच्या पडवीतली चूल. ती त्यांची नव्हती. अक्काची होती.

अक्का त्यांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन ती आमच्याकडे आली, आणि मला कळू लागलं तेव्हापासून स्वयंपाकघर तिचंच होतं. आमचं घर कानडी मुलखात, तिथल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे. शेजारच्या कानडी बायकांसारखं ती अण्णांना ‘तम्मा’ म्हणायची, धाकटा भाऊ म्हणून. कचेरीत हेडक्लार्क झाले, केस पिकले, तरी ते तम्माच राहिले.

साठनंतरची ती टंचाईची वर्षं. मी कॉलेजात होते. बाजारातून तांदूळ नाहीसा झाला होता. सरकारी दुकानात आमच्यासारख्या पगारदार घरांना गहू आणि आगबोटीने आलेली लाल ज्वारी मिळे. तांदूळ होता तो कमी उत्पन्नाच्या कार्डांवर. अक्काच्या पोटाला मऊ भाताखेरीज काही सोसत नसे. आम्हाला ती भाकऱ्या थापून वाढायची, स्वतः चतकोर ताकात कुस्करून घ्यायची आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिच्या पोलक्याच्या बाह्या ढगळ दिसू लागल्या होत्या.

त्या सुमारास नियम सैल झाला. निराधार विधवा नातेवाइकाच्या छपराखाली राहत असली, तरी तिची चूल वेगळी असेल आणि तिला कोणी पोसत नसेल, तर तिला स्वतंत्र घर धरून तांदळाचं कार्ड द्यायचं ठरलं. नियम चांगलाच होता. आमच्या गल्लीतल्या काही म्हाताऱ्या त्याच्यामुळे तगल्या, हे मी पाहिलं आहे.

अण्णांनी जेवताना विषय काढला. “मागच्या पडवीत एक चूल मांडू. नावापुरती.”

अक्का तव्यावरची भाकरी उलटत होती. “तम्मा, एका घरात दोन चुली कधी मांडतात, ठाऊक आहे ना?”

“ही काय वाटणी आहे का? तुझ्या भातासाठी म्हणतोय.”

तिने भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाली, “सरी, बरं. माती तू आण. मांडीन मी. तुझ्या बायकोची चूल पहिल्या उकळीलाच तडकते.”

आई हसली. आम्ही सगळेच हसलो.

तपासणीसाठी माणूस आला तो सकाळी. तरुण, हसतमुख. बोलणं कानडीतच झालं. तो चुलीपुढे उकिडवा बसला, आत डोकावला. “अज्जी, ही तर नवी नवरी दिसते. काळा डाग नाही कुठे.”

“तांदूळ देत नाही तुम्ही, काळी कशाने होणार?” अक्का म्हणाली.

तो मोठ्याने हसला. मग अण्णांकडे वळून, सहज विचारावं तसं त्याने विचारलं, “तुम्ही भाऊ ना? तुम्ही नाही सांभाळत यांना?”

हा प्रश्न येणार, हे अण्णांना माहीत होतं. तरी त्यांनी नजर चुलीकडे वळवली.

“नाही,” ते म्हणाले.

“जेवणखाण?”

“त्यांचं त्या बघतात.”

अक्का दाराला टेकून उभी होती. तिने पदर सारखा केला, एवढंच.

कार्ड मिळालं. पहिला तांदूळ आला त्या दिवशी तिने पडवीतली चूल पेटवली आणि भात केला. संध्याकाळी आईने पानं मांडून हाक मारली तर म्हणाली, “माझं झालं.” दुसऱ्या दिवशीही तेच. अण्णा पडवीत गेले.

“अक्का, तो माणूस काही परत यायचा नाही आता.”

“तो कशाला येतोय? पण तू त्याला सांगितलंस, तेव्हा मी तिथे उभी होते, तम्मा.”

“रागावलीस?”

“पोट शांत आहे माझं. राग कशाला येईल? जा, तुझी भाकरी निवतेय.”

खरंच रागावली नव्हती. आमच्यात बसायची, वाती वळायची, माझ्या पुस्तकातलं वाचून घ्यायची. अंगावर मांसही धरलं. पण आमच्याकडचा घास तिने पुन्हा घेतला नाही. सणाला तिच्या चुलीवरची खीर झाकलेल्या वाटीतून आमच्याकडे आली. वाटी रिकामी परत करू नये म्हणून आईने तीत गुळाचा खडा ठेवला, शेजारणीच्या वाटीत ठेवावा तसा, आणि मग किती वेळ ती वाटी हातात धरून उभी राहिली.

पुढे बाजारात तांदूळ दिसू लागला. अण्णा म्हणाले, आता ती चूल मोडून टाकू. दुसऱ्या दिवशी अक्काने ती नव्याने सारवली. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही.

अक्का गेली ती एका सकाळी, पेज उतरवून ठेवल्यावर, तिथेच भिंतीला टेकून. घर माणसांनी भरलं. परगावची माणसं यायची होती. शेजारच्या एक वयस्क बाई आईला हलक्या आवाजात म्हणाल्या, “चहाचं आधण ठेवा. घरात माणूस गेलं की चूल पेटवत नाहीत हे खरं, पण त्यांची चूल वेगळीच होती ना?” आईला काही सुचत नव्हतं. तिने आधण ठेवलं.

अण्णा आत आले. त्यांनी पातेलं खाली उतरवलं, जळती लाकडं ओढून काढली आणि त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. स्वयंपाकघर धुराने भरून गेलं.

“माणूस या घरातलं गेलंय,” ते म्हणाले. कोणाकडे बघून नाही.

मग तांब्या पुन्हा भरून ते पडवीत गेले. मी दारात उभी होते. अक्काच्या चुलीत राखेखाली अजून निखारा होता. अण्णा तिच्यापुढे बसले, तांब्या मांडीवर धरून. त्यांना पाणी ओतवेना. उचलायची वेळ झाली, बाहेरून हाका आल्या, तेव्हा ते तसाच भरलेला तांब्या ठेवून उठले.

स्मशानातून परत आल्यावर ते आधी पडवीत गेले. राख थंड झाली होती.