उन्हात ठेवलेला डबा

आमच्या हिच्या, म्हणजे बायकोच्या, मानेतली गाठ उतरत चालली होती. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पुण्यात कॅन्सरच्या संशोधन केंद्रात हिला नवं औषध चालू होतं. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "आजी, औषध नवं आहे. लागू पडेल की नाही, मलाही माहीत नाही."

ही म्हणाली, "आमी तरी मेंढराला इचारून औषध पाजतो व्हय? टोचा."

मग कोरोना आला. गाड्या बंद. खुद्द बाईंचा फोन आला. अर्धं केंद्र कोरोनाच्या पेशंटांना द्यावं लागलं होतं, हाताखालची माणसं आजारी. "आजोबा, आजींना आणू नका. इथं आल्या तर कोरोनाच आधी गाठेल. औषध मी पाठवते."

पाठवणार कशी? तर आमच्या भागातली भाजी तेवढी पुण्याला जात होती. बाईंनी कळंबचा एक टेम्पोवाला धरला. जाताना टोमॅटो, येताना जुन्नर-आंबेगावच्या पेशंटांची औषधं, बर्फाच्या डब्यात. तो म्हणायचा, "मामा, तुमची डागदरीण माझ्या बायकूपरीस जास्त फोन करती राव!"

डबा मी पेठच्या फाट्यावरून आणायचो आणि थेट डेअरीच्या फ्रीजात ठेवायचो. गावची नर्स येऊन पोटात टोचायची.

गावात तेव्हा एक रीत पडली होती. पुण्याहून काही आलं की आधी उन्हात टाकायचं. कपडे, पिशव्या, मिठाचा पुडा, नोटासुद्धा. उन्हानं कोरोना मरतो म्हणत.

एकदा टेम्पो लवकर आला. मी मेंढरं घेऊन लांब. टेम्पोवाला भला माणूस, त्यानं डबा घरी आणून दिला. मला दमा आहे. हिला तीच धास्ती, की पुण्याचा डबा मी हाताळीन आणि मला काही होईल. बर्फ आत आहे, ऊन वरनं लागेल, असा विचार करून तिनं डबा अंगणातल्या धोंड्यावर ठेवला. जरा वेळानं उचलू म्हणून सावलीला टेकली. औषधानं तिला गुंगी यायची. डोळा लागला.

मी आलो तेव्हा ऊन कलत होतं. डबा तव्यासारखा तापलेला. आत बर्फाचं कोमट पाणी.

बाईंना फोन लावला. म्हणाल्या, "टोचू नका. ते गेलं."

"मग दुसरं धाडा."

"दुसरं नाही आजोबा. बाहेरदेशातून येतं. विमानं बंद आहेत."

तोंडाला आलं ते बोललो. "मग चालू कशाला केलं? अर्ध्या वाटंत सोडायला?"

"मला बोला. आजींना बोलू नका."

हिनं ऐकलंच होतं. फोन ओढून घेतला. "बाई, माझ्याच हातानं झालं. तुमी जेवला का?"

गाठ परत वर आली. आली ती दुप्पट. मग ताकसुद्धा चमच्यानं. रोज बाईंचा फोन, रोज तेच, विमान नाही. बोलायला येत होतं तोवर ही विचारायची, "अवं, तुमाला काय झालं न्हाई ना?" मला काय झालं नाही. खोकलासुद्धा नाही.

विमानं सुरू झाली आणि नवा डबा आला. हिचं तेरावं उरकलं होतं. बाईंना कळवलं नव्हतं. त्यांचा फोन वाजायचा, मी उचलायचो नाही, तोंडच उघडत नव्हतं. डबा डेअरीत ठेवला. दुसऱ्या दिवशी नवा बर्फ भरला, घोंगडी भिजवून वर गुंडाळली आणि टोमॅटोच्या टेम्पोत बसलो. वाटेत टेम्पोवाला म्हणाला, "मामा, खाली ठेवा की, मांडी भिजली." नाही ठेवला. म्हटलं, कुणाची तरी गाठ उतरंल.

बाई फाटकापाशी आल्या. पार वाळल्या होत्या. मला एकट्याला बघून त्यांनी ओळखलं. मी डबा पुढं केला. "थंड हाये. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मला पायरीवर बसवलं आणि शेजारी बसल्या. "आजोबा, खोटं बोलणार नाही. एकदा केंद्राबाहेर जाऊन आलेलं औषध दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

मी झाकण काढून दाखवलं. बर्फ तसाच होता.

"बघा की," मी म्हटलं. "बघा तरी."

बाईंनी आत हात घातला आणि तसाच ठेवला.