भिंतभर तीट

दामिनी लहानपणी जेवता जेवता फरशीवरची नक्षी बोटानं गिरवत बसायची. भाजी गार होऊन जायची. शेजारच्या लीलाबाई म्हणायच्या, "हे पोरगी अशीच राह्यते काय व?" की दामिनीच्या आईचं, पौर्णिमाचं, जेवणातलं लक्ष उडायचं. पौर्णिमा बी.ए. झालेली, पण काळजी करायला शिक्षण आडवं येत नाही.

पुढं दामिनी अमरावतीला शिकून तेल्हाऱ्याला परत आली आणि समोरच्या खोलीत लॅपटॉपवर नक्षीच काढू लागली. एक चौकोन रंगवायचा. तो चारी बाजूंनी कितीही वेळा जोडला तरी जोड दिसता कामा नये. भिंतीचा कागद, पडदे, मोबाइलचा स्क्रीन, सगळ्यांच्या मागं असलंच काहीतरी असतं. वडलांना, सूर्यभानजींना, हे काम आहे हेच पटत नव्हतं. शेवटी ठरलं: अकोल्याच्या कुंदनभाऊंचं काम जमलं तर घरी राहायचं, नाही तर पुण्याची नोकरी धरायची.

कुंदनभाऊ भिंतीचे कागद छापायचे. लहान मुलांच्या कपड्यांच्या एका नव्या दुकानासाठी त्यांना कपाशीची नक्षी हवी होती. दामिनीनं पिवळी फुलं काढली, हिरवी बोंडं, फुटलेला पांढरा कापूस. मग चौकोनाचा डावा अर्धा उजवीकडे नेला, वरचा खाली, आणि मधोमध आलेला जोड पानांनी बुजवला. मागं उभ्या पौर्णिमाला ते इतकं देखणं वाटलं की कुणाची दृष्ट लागेल अशी भीती वाटली.

"दामू, एक तीट लाव बरं त्याले."

"आई, ते काय लेकरू हाय?"

"लाव म्हणलं ना!"

दामिनीनं हसत एका पानाखाली काळा ठिपका दिला आणि विसरून गेली.

नमुना छापून झाल्यावर कुंदनभाऊंचा फोन आला. "ताई, फुलं तर झक्कास. पण ह्या मुंग्या काहून सोडल्या? लांबून तेच दिसून राह्यलं. दुकानवाले म्हणतेत, दुसऱ्याकडून करून घ्या."

पाठोपाठ फोटो आला. चौकोनातला एकुलता ठिपका भिंतभर झाला होता, उभ्या-आडव्या सरळ रांगांत. पौर्णिमाच्या डोळ्यांपुढं पुण्याची गाडी येऊन उभी राहिली.

"माह्यानंच झालं व हे."

"थांब तू." दामिनीनं फोन पुन्हा कानाला लावला. "भाऊ, तुमी चहा घ्या तवरीक. दुसरी फाइल पाठवते."

दामिनीनं ठिपका पुसला, चौकोन पुन्हा स्क्रीनभर जोडला आणि आईला दारापाशी नेऊन उभं केलं. "पाह्य आता. नक्षी कुठून सुरू झाली, सांग."

पौर्णिमानं डोळे बारीक केले. आयुष्यभर तिला खोट सापडत आली होती. आज ती शोधून दमली.

"नाई सांगता येत."

"मंग झालं!"

फाइल गेली. पौर्णिमा तुरीच्या शेंगा सोलायला बसली. दाणे सालांत, सालं दाण्यांत. तेवढ्यात फोन वाजला. "ताई, पसंत! अख्खी भिंत छापाले घेतो. पुढच्या दुकानाचंबी तुमीच करा."

सूर्यभानजी शेतातून येऊन पाय धूत होते. "काय झालं व?"

"काई नाई. पोरगी घरीच राह्यते," पौर्णिमा म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. बोटाला काजळ लावून ती समोरच्या खोलीत शिरली. दामिनीनं झट्‌कन लॅपटॉप मिटला आणि मान वळवली.

"इथं लाव, कानामागं. इथलं छापून येत नाई."