ती राक्षसीण आहे म्हणून

अन्वी, ईशान,

हे आत्ताच लिहिते आहे, कारण अन्वी, तुझ्या गोष्टीचं शेवटचं प्रकरण तू रविवारी इंटरनेटवर टाकणार आहेस. त्याच्या आत हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं. फोनवर सांगायला गेले तर मी चिडेन, तू गप्प होशील आणि तुमची आई मध्येच माझ्या गुडघ्यांची चौकशी करेल. म्हणून लिहून.

लिंक तू कौतुकानं पाठवलीस. तिकडं परदेशात तुम्हा मुलांना आवडणाऱ्या एका मालिकेतली पात्रं घ्यायची आणि त्यांची आपली नवी गोष्ट रचायची, याला फॅन फिक्शन म्हणतात, हे मला तूच शिकवलंस. मंठ्याच्या या घरात, खिडकीपाशी खुर्ची ओढून मी वाचायला लागले. इंग्रजी छान आहे तुझं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई हे सांगते आहे, तेव्हा खरं मान.

मग मधल्या एका प्रकरणात ती आली. डोंगरातल्या भटक्या टोळीची बाई. गोष्टीतली दुष्ट. कोळशासारखी काळी. नखांत माती. अंगाला मेंढ्यांचा वास. बोलणं तोडकंमोडकं. खांद्यावर काळी, टोचरी घोंगडी. ती लोकांची मुलं पळवते. का पळवते, ते कुठंच लिहिलेलं नाही.

खाली तुझ्या वाचकांनी लिहिलं होतं, ‘शी! किती किळसवाणी! मस्त जमली आहे.’ त्यावर तू लाल बदाम टाकला होतास.

घोंगडी मी ओळखली. मागच्या वेळी आलीस तेव्हा तीच पांघरून तू गच्चीवर बसली होतीस. ‘आजी, टोचतं गं,’ म्हणत होतीस आणि सोडतही नव्हतीस.

मी फोन खाली ठेवला. घासलेली भांडी पुन्हा घासली. बसवेना.

त्या बाईला मी ओळखते. मला एकदा तीच बाई बनवलं होतं. सगळ्या गावासमोर.

आमचं घर मेंढपाळांचं. तुमचे पणजोबा पावसाळ्यात गावी असत, मग मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला, घनसावंगीकडं उतरत. मी शाळेसाठी मायजवळ गावी राहिले. आमच्या आळीतून पुढच्या वर्गात गेलेली मुलगी मी एकटी. शाळेत गॅदरिंगचं नाटक बसत होतं. राजा, राणी, राजकन्या आणि जंगलातली राक्षसीण. राणी झाली पाटलांची सुनंदा. ती गोरी होती, एवढं पुरलं. राक्षसीण कोण, हे आमच्या वर्गाच्या बाईंनी विचारलंसुद्धा नाही. वर्गावर नजर फिरवली आणि माझ्याकडं बोट केलं. वर्ग हसला. वर्गाला ते आधीच माहीत होतं.

मला नाटकात काम मिळालं याचाच आनंद होता. खोटं कशाला सांगू.

तालमीत राणीची वाक्यं अशी होती : ‘दुष्टे, तुझा अंत आता जवळ आला आहे!’ आणि माझी अशी : ‘मंग काय करून राह्यली तू? म्या न्हाई भेत!’ राजाराणी पुस्तकातलं बोलायचे. मी घरातलं. प्रत्येक वेळी मुली फिदीफिदी हसायच्या. त्याही घरी असंच बोलत. बाईंच्या आईलासुद्धा मी असंच बोलताना ऐकलं होतं.

एकदा धीर करून विचारलं, “बाई, ती राजकन्येला का पळवते?”

बाई म्हणाल्या, “ती राक्षसीण आहे म्हणून. चल, रांगत ये.”

हो, रांगत. राक्षसिणीनं दोन पायांवर यायचं नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, “तुमच्या घरी घोंगडी असेल ना? ती आण. म्हणजे खरी वाटशील.”

मी घरी येऊन मायला एवढंच सांगितलं, शाळेत घोंगडी मागितली आहे. माय दारात चातीवर लोकर कातत बसली होती. तिची चाती थांबली. आमच्यात घोंगडी अंथरतात ती मान द्यायला. सोयरीक ठरते ती घोंगडीवर बसून. पंच बसतात घोंगडीवर. देवाचं ताट ठेवतात घोंगडीवर. तिच्यावरून चपला घालून कुणी जात नाही. शाळेनं घोंगडी मागितली म्हणजे मोठ्या पाहुण्यांना बसायला मागितली, असं मायनं धरलं. तिला दुसरं सुचणंच शक्य नव्हतं.

तिनं देवाची घोंगडी काढली. ऊन दाखवलं. हातानं झटकली, घडी घातली.

“आपल्या घोंगडीवर सायेब बसंल,” ती शेजारणीला म्हणाली. “म्या येनार हाय बघायला.”

मी तिला खरं सांगितलं नाही, कारण मलाही वाटत होतं, कदाचित आधी पाहुणे बसतील, मग मला देतील.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी बाईंनी तव्याच्या बुडाची काजळी खोबरेल तेलात कालवली आणि माझ्या तोंडाला फासली. मी मूळचीच काळी. सुनंदानं विचारलंही, “बाई, हिला कशाला लावता?” बाई हसून म्हणाल्या, “आहे ते पुरत नाही गं.” अन्वी, हे वाक्य नीट वाच. माझा रंग, माझ्या मायचा रंग, त्यांना हव्या असलेल्या काळ्यासाठी पुरत नव्हता. त्यांच्या डोक्यातला तो काळा कुठल्याच माणसाचा नव्हता.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. पुढच्या रांगेत पाटील. मागं बायका उभ्या, त्यांत माय. पाय उंचावून ती पाहत होती, आपली घोंगडी कुठं अंथरली आहे.

मी रांगत गेले. घोंगडी पाठीवर, मागं फरफटत. रंगमंचावर धूळ. मुलांनी एकच गिल्ला केला.

“ए मेंढरू आलं, मेंढरू!”

“बेंऽऽ!”

“हिला आधी कातरा रे!”

हसण्याची लाट आली. साहेबही हसले. मी रांगत मान वर केली आणि मला माय दिसली. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. तिनं फक्त पायातल्या चपला काढल्या होत्या. एवढ्या लांबून. तिची घोंगडी जमिनीवर आहे आणि लोक तिच्याकडं पाहून हसताहेत, याचा अर्थ लावता न येऊन तिनं तिला जमत होतं ते केलं होतं.

मी थांबले.

आतून बाई फुसफुसल्या, “रांग! पुढं रांग!”

मी उभी राहिले. घोंगडी काढली. झटकली. धूळ राजाच्या तोंडावर उडाली, तो खोकला. घडी घातली, जशी माय घालायची तशी, आणि खांद्यावर टाकली. सुनंदा घाबरून आपलं वाक्य म्हणाली, “दुष्टे, तुझा अंत आता जवळ आला आहे.”

माझं वाक्य ठरलेलं होतं. ते मी म्हटलं नाही.

मी म्हटलं, “तू मह्यं रान घेतलं. म्हून म्या तुही पोरगी आणली. म्या वाईट हाय. येडी न्हाई.”

बोली तीच. पण कुणी हसलं नाही.

त्या वर्षी पाटलांनी आमच्या चराईच्या गायरानाला काट्याचं कुंपण घातलं होतं. गावाला ठाऊक होतं. कुणी बोललं नव्हतं. मी काही ठरवून बोलले नव्हते. राक्षसीण मुलगी का पळवेल, याचा मी कितीतरी दिवस विचार करत होते आणि मला तेवढंच कारण माहीत होतं. सुनंदाला पुढचं आठवेना. ती रडायला लागली. पडदा ओढला गेला.

आत बाईंनी थोबाडीत मारली. त्यांच्या हाताला काजळी लागली, त्या साडीला पुसत राहिल्या. “तुम्हा लोकांना वर घेतलं की हेच होतं,” म्हणाल्या. उद्यापासून शाळेत पाय ठेवू नको, असंही म्हणाल्या.

वाटेनं माय पुढं चालत होती. घोंगडी तिनं डोक्यावर घेतली होती. मला वाटलं, आता रागावेल. ओढ्यापाशी थांबून तिनं माझं तोंड धुतलं. तेलातली काजळी, निघता निघेना. मग विचारलं,

“मंग तिचं रान तिला परत घावलं का?”

“कुणाचं?”

“त्या राक्षसिणीचं.”

“पडदा पडला, माय.”

“आरं देवा,” ती म्हणाली. खरंच हळहळली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. बाईंनी बाहेर उभं केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा बाहेर. खिडकीखाली उभी राहून पाठ ऐकले. शेवटी हेडमास्तर कंटाळले आणि मला आत घेतलं. बाईंनी त्यानंतर माझं नाव कधी घेतलं नाही. ‘ए, मागची’ म्हणायच्या. मागं बसून इंग्रजी शिकले. ज्या इंग्रजीत तू आज गोष्ट लिहितेस, ते या घरात तिथून आलं.

पण त्या भाषेतही तीच बाई भेटत राहिली. गोष्टीमागून गोष्टी वाचल्या. वाईट माणूस आला की आधी त्याच्या कातडीचा रंग यायचा, मग वास, मग तुटकं बोलणं, आणि कृत्य सगळ्यात शेवटी. गोरा वाईट माणूस असला की त्याला बालपण असायचं, दुःख असायचं, बुद्धी असायची. आमच्यासारख्याला फक्त रंग.

ईशान, तू मागं सांगितलंस, खेळताना तिकडची मुलं दर वेळी तुलाच वाईट माणूस करतात. ‘का?’ असं विचारलंस, तर ती म्हणाली, ‘तू दिसतोस तसा.’ तेव्हा अन्वी, तू किती भडकली होतीस! मग त्याच हातानं हे कसं लिहिलंस?

परवा फोनवर तुला ओझरतं बोलले, तर तू म्हणालीस, “आजी, ती व्हिलन आहे. व्हिलन तशीच असते. बरं, गोरी करू का मग?”

नको. गोरी करू नकोस. गरीब बिचारी, सोशिक, चांगलीही करू नकोस. माझ्यावर तेवढा उपकार नको. काळ्या बाईला दुष्ट होण्याचा पूर्ण हक्क आहे. तिला नीट दुष्ट कर. तिला काहीतरी हवं असू दे, इतकं हवं की ती चुकीचं करेल. तिनं डोकं चालवून करू दे. तिचं कृत्य वाचून लोक घाबरू देत, तिची नखं पाहून नव्हे. आणि तुझ्या सगळ्या गोष्टीत काळी ती एकटीच का आहे? वैद्य का नाही काळा, नायिकेची मैत्रीण का नाही, तो नावाडी का नाही? ती तिच्या माणसांत बसून बोलते तेव्हा तिचं बोलणं तुटकं कसं असेल? तिला परक्या भाषेत अडखळायला लाव हवं तर, पण घरच्या भाषेत तिला सलग बोलू दे. तिला वास येतो म्हणतेस, तो घेणारं नाक कुणाचं आहे, तेही लिही. कोळसा, काजळी, डांबर यांच्याशी कुणाच्या तोंडाची तुलना करू नकोस. काजळी तोंडावर कशी लागते, ते मला विचार.

शेवटच्या प्रकरणात तू तिला कड्यावरून ढकलणार आहेस, असं वाचकांना आधीच सांगून ठेवलं आहेस. ढकल. पण वाचून झाल्यावर कुणीतरी तिच्याबद्दल विचारलं पाहिजे. कुणीच विचारणार नसेल तर ती माणूस नव्हती, आणि तू गोष्ट लिहिली नाहीस, फक्त आमच्यावर हसायची जागा करून दिलीस.

तू रविवारी काय टाकतेस ते मी वाचणार आहे. ती तशीच असेल, तर तुझ्या वाचकांच्या शेऱ्यांखाली, सगळ्यांना दिसेल असं, मी इंग्रजीत लिहीन की ही बाई कुठून उचलली आहे. नात आहेस म्हणून सोडणार नाही. तू रुसशील. रुस. त्या दिवशी मला कुणी विचारून राक्षसीण केलं नव्हतं, मीही आता विचारून बोलणार नाही.

बाई गेल्या. माय गेली. गायरान कधीच परत मिळालं नाही. तिथं आता प्लॉट पडले आहेत. आमच्या घरात मेंढरू उरलेलं नाही.

माझा राग अजून आहे. तो मी कामाला लावला आहे.