पंधरा दिवसांचा दुधी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मनीषनगरातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर संघपाल रंगारी जुन्या ओळखीच्या भैय्याजींच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त गोळा करण्याचं काम ते एकतीस वर्षं करत आहेत. आता वय चौसष्ट.

"रात्रीचं नका सांगू. पंधरा दिवसांपासून काय खाऊन राहिले?"

"दुधी. उकडलेला."

"अन् आज संध्याकाळी?"

"सावजी मटण," भैय्याजी कबूल झाले. "तुले कसं समजते गा?"

ही लबाडी पकडण्यात संघपालांचा हात कोणी धरू शकत नसे, कारण ती त्यांची स्वतःचीच होती. दरवर्षी तपासणीआधी पंधरा दिवस ते साधू होत आणि रक्त दिलं की त्याच संध्याकाळी रश्श्यावरचं तेल पोळीनं पुसून घेत. मागच्या खेपेला एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, शहाण्णव आलं. तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते बॅगेत बाळगत आणि लोकांना दाखवून पथ्यावर भाषण देत. भैय्याजींनाही दिलंच.

गेल्या महिन्यात त्यांचा धाकटा भाऊ महादेव हृदयविकाराच्या झटक्यातून वाचला. भावंडांनी एक जास्तीची तपासणी करावी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचा निकाल घेऊन त्याच सकाळी अकरा वाजता संघपाल आणि पत्नी माया रामदासपेठेत डॉक्टरांसमोर बसले.

"लायपोप्रोटीन-ए एकशे बारा," डॉक्टर म्हणाल्या. "पन्नासच्या वर धोका धरतो. हा आकडा आईवडिलांकडून येतो, काका. पथ्यानं हलत नाही. म्हणून एलडीएल तरी सत्तरच्या खाली पाहिजे. तुमचं शहाण्णव, तेव्हा गोळीचा लहान डोस पुरेल. नेहमी एवढंच असतं ना?"

लहान डोस संघपालांना पसंत होता. नुसती मान हलवायची होती. असाच प्रश्न त्यांनी हजारो लोकांना विचारला होता आणि उत्तरावर एकदाही विश्वास ठेवला नव्हता. मान हलू लागली.

"काहून मान हलवून राहिले?" माया म्हणाली. "खरं सांगा नं!"

"मॅडम," संघपाल म्हणाले, "तो आकडा दुधीचा आहे. माझा नाही."

"मग तुमचा किती?"

"माहीत नाही. बारा वर्षं झाली तपासून राहिलो, पण माझा कधी मोजलाच नाही."

डॉक्टरांनी लिहिलेला डोस खोडला. आधी खरं रक्त, मग गोळी.

जिना उतरताना माया म्हणाली, "लोकाईचं खोटं तुम्हाले दारातूनच दिसते. स्वतःचं दिसाले महादेवले दोन स्टेंट टाका लागले."

संघपालांनी पाकिटातला रिपोर्ट काढून घडी केली आणि खिशात घातला. भैय्याजींना आता काय दाखवायचं, हा प्रश्न होताच.

रात्री आठला जेवण नेहमीचं झालं: तेल तरंगणारी वांग्याची भाजी आणि तीन पोळ्या. लॅबच्या उद्याच्या यादीत पहिलं नाव आहे: सकाळी सहा, संघपाल रंगारी, प्रताप नगर. नमुना घ्यायला लॅबमधली त्यांची सहकारी दीक्षा येणार आहे.